स्फुरदाचा जमाखर्च

गेल्या गुढीपाडव्यास आमच्या घरीं समुद्र आला. धाराशिव हें बालाघाटाच्या पठारावरचें गांव. येथून पश्चिम किनारा सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें ३०० किलोमीटर दूर. आमच्या मातोश्रींनीं पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यांत समुद्र एकदांच पाहिला, तोहि रामेश्वरच्या यात्रेंत. अशा घरांतील नातवानें बारावीची परीक्षा संपतांच "आजोबा, आपण खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडूं या," असा हट्ट धरला, तेव्हां आम्हांस शाळकरी वयांत सहलीबरोबर पाहिलेलें मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय आठवलें. १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलेलें तें मत्स्यालय समुद्राच्या कांठींच होतें. आमचा समुद्र मात्र पिशवींतून यावयाचा होता: शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याच्या दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम मिश्र मीठ, म्हणजे २०० लिटरांच्या पेटीस सात किलो. आम्हीं होकार दिला, आणि त्या होकारानें पुढील सहा महिने आम्हांस रसायनशास्त्राच्या वर्गांत पुन्हां बसविलें. अलीकडे आमच्या वाचकांच्या घरींहि मुलें अशा पेट्या मांडूं लागलीं आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांस उपयोगीं पडावी म्हणून ही हकीकत, आमच्या चुकीसह, या महिन्यांत सादर करीत आहों.

प्रथम दगडांची गोष्ट. पेटींतील दगड हे शोभेचे नव्हेत; पाणी शुद्ध राखणारे जीवाणू त्यांच्या छिद्रांत वसति करितात. समुद्रांतील प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां मालवणच्या सहलींत एखादा तुकडा पिशवींत टाकून आणण्याचा विचारहि कोणी मनांत आणूं नये. नातवानें चुनखडीचे कोरडे, सच्छिद्र दगड विकत घेतले. मासे घेतले ते नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे, तेहि पैदाशीचे. तामिळनाडूंत मंडपम येथें केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रानें या जातीची बंदिस्त पैदास साधलेली आहे, त्यामुळें समुद्रांतून धरून न आणतांहि ते मिळूं शकतात. शिवाय कांच चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या सहा लहान गोगलगायी.

हे पाहुणे येण्यापूर्वीं पांच आठवडे रिकामी पेटी चालू ठेवावी लागली. अन्नाच्या व मलमूत्राच्या कुजण्यानें अमोनिया निघतो. एका जातीचे जीवाणू त्याचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करितात. ही वसाहत बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मासे घालणें म्हणजे धुराड्यावांचूनच्या स्वयंपाकघरांत चूल पेटवून पाहुण्यांस आंत कोंडणें होय. एवढा संयम आमच्या घरानें पाळला. पुढचा मात्र पाळला नाहीं.

एकत्र कुटुंबांतील पाळीव प्राणी उपासानें सहसा मरत नाहीं. मेला तर अजीर्णानें मरतो. सकाळीं नातू चिमूटभर दाणे घाली. दुपारीं धाकट्या सूनबाई घालीत. मुलें शाळेंतून आलीं कीं दोघेंहि आपापली पाळी सांगत. सायंकाळीं देवाजवळ दिवा लावून झाला कीं मातोश्री खुर्ची ओढून पेटीसमोर बसत. दोन्ही मासे कांचेशीं येऊन तोंडें उघडूं लागले कीं "बिचारे भुकेले आहेत" म्हणून त्यांची मूठ सैल होई. आणि रात्रीं निजानीज झाल्यावर, खोटें कशाला सांगा, आम्हीहि एक चिमूट टाकीत असूं. गोठविलेली कोळंबी घरच्या शीतपेटींत ठेवण्यास मातोश्रींनीं साफ नकार दिला होता, म्हणून सारा कारभार कोरड्या दाण्यांवर चाले. पुढें एक दिवस आम्हीं वहींत नोंद केली, तेव्हां दोन बोटभर माशांस दिवसांतून सात वेळां जेवण घडत असल्याचें दिसून आलें.

ज्येष्ठांत दगडांवर हिरवे केंस उगवले. पंधरा दिवसांत दगड दिसेनासे झाले व कांच रोज पुसावी लागूं लागली. नातवानें पाणी तपासलें. पाण्याच्या नमुन्यांत ठराविक पूड घातली कीं मोलिब्डेनमच्या क्रियेनें निळा रंग चढतो. फॉस्फेट जितकें अधिक तितकी नीळ गडद, आणि लहानसें यंत्र ती नीळ मोजून आंकडा देतें. आंकडा आला लिटरमागें ०.४५ मिलिग्रॅम. अशा पेटींत तो साधारणपणें ०.०३ ते ०.१० च्या दरम्यान असावा, असा अनुभवी लोकांचा संकेत आहे. येथें एक सावधगिरी सांगून ठेवतों. कांहीं यंत्रें फॉस्फेटऐवजीं नुसत्या फॉस्फरसचा आंकडा दाखवितात, त्यास ३.०७ नें गुणल्यावर फॉस्फेट निघतें. हा गुणाकार राहून गेला तर तिप्पट चूक होते.

फॉस्फेट म्हणजे आपल्या शेतकऱ्याचें स्फुरद, प्राणवायूशीं संयोग पावलेलें. नत्र, स्फुरद व पालाश या त्रयींतील मधलें. हँबुर्गच्या हेनिग ब्रांड नांवाच्या किमयागारानें १६६९ सालीं सोन्याच्या शोधांत मूत्र आटवितां आटवितां अंधारांत प्रकाशणारा हा पदार्थ मिळविला. म्हणून युरोपांत त्यास 'प्रकाशवाहक' अशा अर्थाचें ग्रीक नांव पडलें, आणि आपल्या 'स्फुरद' शब्दांतहि चमकणें, स्पंदणें या अर्थाचा 'स्फुर्' धातु आहे. हाडांत तें आहे, बियाण्यांत आहे, पेशींच्या शक्तिव्यवहारांत आहे आणि आईबापांचे गुण मुलांत नेणाऱ्या द्रव्यांतहि आहे. तें नसेल तर जीवच नाहीं. हें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! घरीं मात्र नेमकें विसरलों.

०.४५ हा आंकडा पाहतांच आमच्यांतील मास्तर जागा झाला. आम्ही नातवास म्हणालों, "शत्रु सांपडला. आतां त्याला शून्यावर आण." तो म्हणाला, "आजोबा, हळूहळू उतरवावें असें सगळे सांगतात." आम्हीं उत्तर दिलें, "हळूहळू कशाला? रोग समूळ गेला पाहिजे." चाळीस वर्षें शून्यास तांबडी रेघ ओढण्यांत गेलीं, त्या दिवशीं प्रथमच शून्य आम्हांस प्रिय झालें. लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे बाजारांत मिळतात. त्यांवरून पाणी फिरविलें कीं फॉस्फेट त्यांस चिकटून बसतें. वेष्टणावर जितके सांगितले होते त्याच्या दुप्पट दाणे आमच्या आग्रहानें घातले गेले. पांचव्या दिवशीं यंत्रानें शून्य दाखविलें. हिरवे केंस पिंगट होऊन गळूं लागले, आणि आम्हीं घरभर विजय पुकारला.

दहा दिवसांनीं वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुड्यांनीं भरलेला पडदा पसरला. काढला तरी सायंकाळपर्यंत पुन्हां तेथेंच. हे डायनोफ्लॅजेलेट नांवाचे सूक्ष्म जीव. नव्या पेटींत पोषण एकाएकीं तुटलें कीं साधें शेवाळ व जीवाणू मागें हटतात आणि त्यांची मोकळी जागा हे बळकावतात. त्यांच्या कांहीं जाती विषारी असतात. एका आठवड्यांत सहांपैकीं चार गोगलगायी उलट्या पडून मेल्या.

खरी चुटपुट लागली ती पुढें. मातोश्रींनीं सायंकाळची खुर्ची पेटीसमोरून उचलावयास सांगितली. "माझ्याच हातून जास्त पडलें असेल. जीव जातात, मला पाहवत नाहीं," एवढेंच त्या बोलल्या. गुडघ्यांनीं देऊळ सुटलें, डोळ्यांनीं पोथी सुटली. दिवसांतला तेवढा अर्धा तास त्यांस विरंगुळ्याचा राहिला होता, आणि आमच्या उतावळेपणाचें पाप त्या आपल्या माथीं घेत होत्या. त्या रात्रीं आम्हीं त्यांच्यापाशीं बसून सर्व कबूल केलें. जास्त खाऊ घातल्यानें शेवाळ आलें हें खरें, तें आपणां सर्वांचें. गोगलगायी मात्र आमच्या घाईनें मेल्या. त्यांनीं ऐकून घेतलें, पण खुर्ची कोपऱ्यांतच राहिली. तेव्हां ठरविलें कीं हा विषय मुळापासून समजून घ्यावयाचा.

समजलें तें असें. पेटींत अन्नावाटे दोन मुख्य खतें येतात, नत्र आणि स्फुरद. पैकीं नत्राला आकाशाची वाट आहे: दगडांच्या आंतल्या, प्राणवायु न पोहोंचणाऱ्या भागांतील जीवाणू नायट्रेटचा नत्रवायु करितात आणि तो बुडबुड्यांवाटे निघून जातो. स्फुरदाला असें वायुरूप नाहीं. तें उडत नाहीं, कुजून नाहींसें होत नाहीं, पाणी आटलें तरी मागें उरतें. जें हातानें आंत गेलें तें हातानेंच बाहेर काढावें लागतें. समुद्रांतील तरंगत्या सूक्ष्म जीवांच्या शरीरांत कर्ब, नत्र व स्फुरद यांच्या अणूंचें प्रमाण सरासरी १०६:१६:१ असतें, हें अल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञाच्या १९३४ पासूनच्या कामामुळें प्रसिद्ध आहे. म्हणजे स्फुरद लागतें थोडें, पण लागतेंच. आणि थोडें लागत असल्यामुळें थोड्यानेंच फाजील होतें.

तेव्हां हा प्रश्न जमाखर्चाचा झाला. जमेच्या बाजूस तीन रकमा आहेत.

पहिली रक्कम पाण्याची. आमच्या कोरड्या हवेंत उन्हाळ्यांत पेटींतून दिवसास तीनेक लिटर पाणी उडे. मीठ उडत नाहीं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावयाची. ती घरांतील कोणीहि नळाखालीं तांब्या धरून घालीत असे. आतां धाराशिव शहरास पाणी येतें तें भीमेवरील, १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणांतून. त्या जलाशयांत पुण्याकडील मुळा-मुठेचें सांडपाणी भीमेवाटे येतें; तेथील हिरवें पाणी व जलपर्णी पुष्कळांनीं पाहिलीं असतील. शुद्धीकरणानें गाळ व जंतु जातात; विरघळलेलें फॉस्फेट सगळें जातेंच असें नाहीं. समजा, नळाच्या पाण्यांत लिटरमागें अर्धा मिलिग्रॅम फॉस्फेट उरलें. तीन लिटरांप्रमाणें महिन्यास ९० लिटर, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. २०० लिटरांच्या पेटींत आंकडा ०.२२ नें चढला, आणि माशांनीं अजून एक दाणाहि खाल्लेला नाहीं! म्हणून मीठ कालविण्यास व रोजच्या भरीस दोन्हीं वेळां आर.ओ. यंत्रानें शुद्ध केलेलेंच पाणी वापरावें. त्यापुढें आयन-शोधक राळेची नळी जोडलेली असेल तर उत्तम.

स्फुरदानें तळें हिरवें होतें, हें अनुमान नव्हे. कॅनडांतील ओंटॅरिओ प्रांतांत १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं एक अख्खें सरोवर मधोमध पडदा लावून दोन भागांत वांटलें. एका भागांत कर्ब व नत्र घातलें. दुसऱ्यांत तींच दोन आणि शिवाय स्फुरद. दुसरा भाग शेवाळानें हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. विमानांतून घेतलेलें त्याचें छायाचित्र जगभर गाजलें. आमची पेटी म्हणजे त्या दुसऱ्या अर्ध्या सरोवराची बैठकींतली प्रत होती.

दुसरी रक्कम अन्नाची. कोरड्या दाण्यांत वजनाच्या एक टक्का स्फुरद धरलें, तर एक ग्रॅम दाण्यांत १० मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजे सुमारें ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. तें सारें पाण्यांत उतरलें तर २०० लिटरांत ०.१५ ची वाढ. कांहीं भाग माशांच्या हाडामांसांत जातो, पण मोठ्या झालेल्या माशास तो फारसा लागत नाहीं. बाकीचा आज ना उद्यां पाण्यांत येतो. गोठविलेलें अन्न वापरणाऱ्यांनीं वितळलेलें पाणी ओतून टाकावें. मात्र त्यानें फार मोठा फरक पडेल अशी आशा धरूं नये, कारण खरा सांठा अन्नाच्या गाभ्यांतच असतो.

तिसरी रक्कम दगडांची, आणि नवी पेटी मांडणारे फसतात ते येथें. चुनखडीच्या पृष्ठभागास फॉस्फेट चिकटून राहतें. आमच्या भागांतील शेतकऱ्यास हें निराळ्या रूपांत ठाऊक आहे: चुनखडीच्या काळ्या जमिनींत घातलेलें स्फुरद चुन्याशीं बांधलें जातें व पिकास लवकर लागू होत नाहीं; म्हणून तें पेरणीच्या वेळींच बियाण्याजवळ पडेल असें देतात. पेटींतील दगड तसेच. पाण्यांत फॉस्फेट वाढलें कीं ते शोषून घेतात, कमी झालें कीं परत सोडतात. म्हणूनच पांचवा हिस्सा पाणी बदललें तर ०.४५ चें ०.३६ होतें, आणि चार दिवसांत दगड आपली ठेव परत करून आंकडा पुन्हां चढवितात. दगडांतील सांठा सावकाश उतरतो; त्यास आठवडे, कधीं महिनेहि लागतात. घाई करणाऱ्यास हा आंकडा हटवादी वाटतो. वस्तुतः तो जुनी देणीं फेडीत असतो.

आतां खर्चाची बाजू. वाळूंतील घाण नळीनें ओढून काढून दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. फेंस काढणारें यंत्र असेल तर त्यावाटे मळ फॉस्फेट होण्यापूर्वींच बाहेर पडतो. आणि जें शेवाळ आपणांस छळतें त्याच्याच एका सुशील भावंडास कामास लावावें: चीटोमॉर्फा नांवाचें दोऱ्यासारखें समुद्रशेवाळ मागच्या कप्प्यांत स्वतंत्र दिव्याखालीं वाढवावें, आणि दर पंधरा दिवसांनीं त्यांतील मूठभर काढून घ्यावें. तेवढें स्फुरद घराबाहेर गेलें. आम्ही तें गोड्या पाण्यानें चांगलें धुऊन परसांतील खतखड्ड्यांत टाकतों. पेटींतील खारें पाणी मात्र झाडांस घालूं नये. लोहाचे दाणे वर्ज्य नाहींत. सांगितलेल्या मात्रेच्या चौथाईनें सुरुवात करावी, दर दोन-तीन दिवसांनीं पाणी तपासावें व आंकडा ०.१० च्या आंत येतांच हात आखडावा. लॅन्थॅनम क्लोराइडचे थेंब याहून जलद काम करितात, परंतु नवशिक्याच्या हातीं ते देऊं नयेत. आणि यंत्रानें शून्य दाखविलें म्हणून फॉस्फेट नाहीं असें समजूं नये. कधीं कधीं तें सारें शेवाळाच्या पोटांत असतें, आणि यंत्र केवळ पाणी पाहतें.

आमच्या पेटींतून दाणे काढून टाकले. तीन दिवस दिवे बंद ठेवले, तपकिरी पडदा रोज नळीनें ओढून काढला, आणि अन्न थोडें पण नियमानें सुरू ठेवून फॉस्फेट ०.०५ च्या आसपास व नायट्रेट मोजण्याइतकें राहील असें पाहिलें. सहा आठवडे लागले. भाद्रपदांत वाळू पांढरी दिसूं लागली.

राहिला प्रश्न सात वेळांच्या जेवणाचा. नातवानें दिवसाची मात्रा ठरविली: औषधाच्या बाटलीबरोबर येणारा सर्वांत लहान चमचा, सपाट, एकदां. तो कोणाच्या हातीं द्यावयाचा? मुलांनीं आपला हक्क सांगितला, सूनबाईंनीं सोडला, आम्हीं तर रात्रीच्या चोरीसह सोडला. शेवटीं नातूच चमचा घेऊन मातोश्रींपाशीं गेला व म्हणाला, "पणजी, आतां फक्त तूंच घालायचें. दुसऱ्या कोणी घातलें तर हिशेब चुकतो." त्यांनीं विचारलें, "आणि त्यांनीं पुन्हां तोंड उघडलें तर?" तो म्हणाला, "मासे नेहमींच तोंड उघडतात, पणजी. त्याला भूक म्हणत नाहींत." त्या हंसल्या. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीनंतर खुर्ची पुन्हां पेटीसमोर आली.

या दसऱ्यास पाणी तपासलें, आंकडा ०.०७ होता. उरलेल्या दोन गोगलगायी कांचेवर फिरत होत्या. पेटीशेजारीं आतां एक वही टांगलेली आहे. तींत दर रविवारीं आंकडा नातू लिहितो व त्याखालीं आम्ही सही करितों. त्याच्या पहिल्या पानावर आम्हीं आमच्या हातानें चार गोगलगायींची नोंद केली आहे आणि समोर कारण लिहिलें आहे: घाई. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर हा शेरा आम्हीं पुष्कळ वेळां मारला होता; स्वतःच्या नांवावर प्रथमच.